‘हंसाई’च्या टाकीतली घाण

आधी वासाचं सांगून टाकते, म्हणजे ज्यांचं पोट कच्चं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. आमच्या ‘हंसाई’ बोटीच्या तळात, इंजिनाच्या खाली, पाणी साठतं. त्यात डिझेल असतं, जळकं ऑइल असतं, गेल्या मोसमात फळ्यांच्या फटीतून पडलेली कोलंबी असते, आणि ती कोलंबी आता कोलंबी राहिलेली नसते. वर विड्यांची थोटकं तरंगतात. एकदा भाकरीचा तुकडा तरंगत होता आणि त्याला केस आले होते. खोटं नाही सांगत, पांढरे केस. शी!

मी मेघाली. दहावीत आहे, मुरब्याहून बोईसरला शाळेत जाते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात कुणी नाव विचारलं तरी मी बाकाखाली बघायचे. मग जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात बाईंनी माझ्या हातात माईक कोंबला, मी तीन वाक्यं बोलले, लोक ऐकत राहिले, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. आई म्हणते, आता हिला गप्प करायला दोन माणसं लागतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या तोंडानेच झाला. म्हणजे तोंडाने आणि हाताने.

पप्पांना समुद्र कळतो, इंजिन कळत नाही. इंजिन देवूकाकांचं. देवूकाका जव्हारकडचे. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा ते घरी जातात, नवसीकाकूबरोबर भाताची लावणी करतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला परत येतात. नऊ वर्षं झाली. इंजिन चालू असलं की ते त्याच्यावर तळहात ठेवून डोळे मिटतात, आई माझा ताप बघते तसं. मग म्हणतात, “आज जरा कुरकुरतंय.” आणि संध्याकाळपर्यंत खरंच काहीतरी सैल झालेलं सापडतं. दुसऱ्या बोटीवरचे खलाशी मला इंजिनाजवळ फिरकू देत नाहीत, पण देवूकाका नुसतं म्हणतात, “पाना हातात घेतलास ना बाय, मग हात काळे व्हायचेच. रडायचं नाय.”

यंदा नारळी पौर्णिमेला त्यांची एसटी चुकली आणि ते संध्याकाळी पोचले. आईला ताप होता. म्हणून इंजिनाची पूजा मी केली, पहिल्यांदाच, आणि काय दणक्यात केली! इंजिन पुसलं, चाकाला कुंकू, पंपाला कुंकू, डिझेलच्या टाकीच्या झाकणावर तर हळद-कुंकू तेलात कालवून असा जाड टिळा. झेंडूचा हार. अगरबत्त्यांचा इतका धूर केला की पप्पा बाहेर जाऊन खोकले आणि म्हणाले, “बस कर गो, इंजिनला दमा होईल.” नंतर मी निर्माल्य गोळा केलं, सगळी जागा चकाचक केली. कुंकू तेवढं ठेवलं. आमच्यात इंजिनाला लावलेलं कुंकू कुणी पुसत नाही. ते आपणहून झडायचं. पुसलं तर मोसम पुसला जातो म्हणतात.

दोन दिवसांनी बोट निघाली आणि चाळीस मिनिटांत बंद पडली.

देवूकाकांनी टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून बघितली. डिझेल अर्धी टाकी, भरपूर. त्यांनी पाइपातली एअर काढली, हँडल मारलं, इंजिन चालू. परत फिरले, तर धक्क्यापाशी येता येता पुन्हा बंद. बोट वाहत जाऊन भावेशच्या बोटीवर आपटली. भावेश म्हणजे आमच्या शेजारचा, त्याच्या बोटीला नवं कोरं सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते त्याने सगळ्या गावाला दाखवून झालंय. तो वरून पप्पांना ओरडला, “नरहरीकाका, ब्रेक लावा, ब्रेक!” सगळा धक्का हसला.

मग बोईसरहून प्रदीप मिस्त्री आले. या माणसाबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही, मी प्रयत्न करून बघितला. त्यांच्या एका गालात कायम गुटखा असतो. ते बोलताना तोंड वर करतात, म्हणजे सांडू नये म्हणून, आणि तरी सांडतं. ते आमच्या इंजिनाच्या खोलीत उतरले आणि उतरल्या उतरल्या तळातल्या त्या पाण्यात पचकन थुंकले. आमच्या बोटीत! मी म्हटलं, “अहो, समुद्र तिकडे आहे.” त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनी फिल्टरचा ग्लास खोलला आणि माझ्या हातात दिला. तळाला दोन बोटं पाणी, आणि पाण्यावर तपकिरी लोळागोळा. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून येतं तसं, पण चहाच्या रंगाचं. मी बोट लावलं तर ते बोटाबरोबर वर आलं, तार धरून. वास कुजलेल्या अंड्याचा आणि डिझेलचा. माझ्या घशापर्यंत सकाळचे पोहे आले होते, मी परत पाठवले.

“पाणी,” मिस्त्री म्हणाले. “टाकीत पाणी गेलंय शेठ. खलाशी टाकी उघडी टाकून गावाला पळाला असणार.”

“मी झाकण घट्ट लावून गेलतो,” देवूकाका म्हणाले. “ही घाण दरसाल येते. पावसाळ्यात टाकी अर्धी ऱ्हाते, आत घाम सुटतो. पयल्या दोन फेऱ्यांना मी काढतो ती. त्यानं बोट बंद नाय पडत.”

इथे मी तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं. पण मिस्त्री माझ्याकडे ‘ही पोरगी इथे काय करतेय’ असं बघत होते आणि मला दाखवायचं होतं की ही पोरगी काय काय जाणते. मी म्हटलं, “पाणी डिझेलपेक्षा जड असतं, म्हणून तळाला बसतं, आणि इंजिनाला खालूनच पाइप आहे. म्हणजे आधी पाणीच जाणार. झाकण नीट नसेल तर पावसाचं पाणी आत जाऊ शकतं.”

“बघा!” मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. “पोरीला कळतं, तुमच्या माणसाला नाय कळत.”

पप्पांनी देवूकाकांकडे बघितलं. देवूकाकांनी माझ्याकडे. आणि मी, सांगायलाही लाज वाटते, मी खूश झाले होते.

मिस्त्रींनी फिल्टर बदलला, टाकी काठोकाठ भरून घेतली, झाकण बाजूला फळीवर ठेवून तासभर इंजिन धक्क्यावरच चालवून दाखवलं. घड्याळासारखं चाललं. ते गेले. दुसऱ्या दिवशी बोट निघाली आणि या वेळी दहा मिनिटांत बंद. खाडीच्या तोंडाशी, भर ओहोटीत, वाळूच्या दांड्याकडे वाहत चाललेली. भावेशने दोर टाकून ओढत आणली. अख्खी वाट तो हॉर्न वाजवत होता, वरात असल्यासारखा.

धक्क्यावर उतरल्यावर पप्पा सगळ्यांच्या देखत देवूकाकांवर ओरडले. “नऊ वर्षं तुझ्या हातात इंजिन दिलं, आणि तू माझी बोट बुडवायला निघालास! उद्या सकाळच्या एसटीनं घरी जा. परत येऊ नको.” प्रदीप मिस्त्रींना फोन लावून सांगितलं, रविवारी दुपारी येऊन पंप काढून न्या. भावेशचे खलाशी जाळी शिवता शिवता हसत होते. एक म्हणाला, “डोंगरातल्या माणसाला पाण्याचं काय कळणार?”

 देवूकाकांनी पायातली चप्पल झटकली आणि ते परत बोटीवर चढले, एवढंच. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मात्र जव्हारकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे एसटी सुटलीच नाही, म्हणून ते रविवारपर्यंत अडकले.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमटीत मला तो तपकिरी गोळा दिसायचा. पण खरं सांगायचं तर गोळा नव्हता तो. “पोरीला कळतं” हे वाक्य होतं. ते घशाशी यायचं. कारण मला काहीच कळलं नव्हतं. फिल्टर नवा, पाणी काढलेलं, आणि तरी बोट बंद! मग पाण्याने बंद पडत होती असं मी कुठल्या तोंडाने म्हटलं? आणि माझ्या त्या फुशारकीपायी एक माणूस घरी चालला होता. लावणी झालेली, हातात काम नाही. पुढचे नऊ महिने ते आणि नवसीकाकू काय करणार होते? वीटभट्टीवर जाणार होते, दुसरं काय.

रविवारी दुपारी भरतीचं पाणी बोटीखाली आलं तशी मी धक्क्यावर गेले. देवूकाका बोटीवरच होते, त्यांची गोधडी आणि ताट पिशवीत भरत होते. साडेतीनची एसटी होती पालघरहून.

“काका, तासभर थांबा. मला इंजिन चालवून बघायचंय.”

“माझा हात नको आता त्याला. नाखवा बोलंल.”

“तुम्ही नुसतं सांगा. हात मी घालते.”

त्यांनी माझ्या पांढऱ्या टॉपकडे बघितलं. “ह्या कपड्यात?”

“ह्याच.”

मग सुरू झालं. टाकीच्या तळाचा नट उलटा पडून काढावा लागतो. मी पडले. केसांची वेणी त्या पाण्यात गेली, मिस्त्री थुंकले होते त्या पाण्यात, मला ती गार गार मानेला लागली आणि मी किंचाळले. नट काढला तर आधी तपकिरी तार, मग पाणी, मग डिझेल माझ्या बाहीत शिरलं, काखेपर्यंत. पाइप तुंबलाय का बघायला काका म्हणाले, तोंडाने ओढ. मी ओढलं. जरा जास्तच ओढलं. डिझेलची चव तुम्हाला सांगते: रॉकेलमध्ये खोडरबर उकळल्यासारखी, आणि ती जात नाही. मी बाहेर डोकं काढून पाच मिनिटं थुंकले. वर धक्क्यावर कुणीतरी विचारलं, “लागली वाटतं बोट?” मी त्यांना उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

पाइप साफ निघाला. नॉझलपर्यंत डिझेल येत होतं. सगळं जोडलं, एअर काढली, काकांनी न राहवून हँडल मारलं. इंजिन चालू. मी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली. त्याच्यावर आधीच्या वेळा होत्या: अर्धी टाकी, चाळीस मिनिटं. झाकण उघडं ठेवून मिस्त्रींनी चालवली तेव्हा तासभर, काही नाही. काठोकाठ टाकी, दहा मिनिटं.

भरलेल्या टाकीवर लवकर बंद पडतं? हे उलटं होतं. माणसाचं पोट भरलेलं असताना त्याला आधी चक्कर यावी, तसं.

अकराव्या मिनिटाला इंजिन धापायला लागलं. आवाज बसला, उठला, बसला. “आता मरंल,” काका म्हणाले. मी घाईने झाकण फिरवलं, आत डिझेल आहे का बघायला. तर झाकणाने आधी ओढून धरलं, सुटेना, आणि मग ‘सूंऽऽक’ करून हवा आत गेली. आणि इंजिनाने एकदम मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज धरला. चालू! घड्याळासारखं!

मी झाकण परत लावलं. थांबले. थोड्या वेळाने धाप. उघडलं, सूंऽऽक, चालू.

आई तेलाचा नवा डबा फोडते तेव्हा एका कोपऱ्यात भोक पाडते आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. मी एकदा एकच पाडलं होतं. तेल गुळूक गुळूक करून थांबलं. तेव्हा आई म्हणाली होती, “दुसरं भोक कोण पाडणार, तुझा सासरा? तेल बाहेर यायचं तर वारा आत जायला नको?”

टाकीला दुसरं भोक असणारच! मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने मधोमध एक बारीक भोक दिसलं, आणि त्यातून टाचणीएवढी काडीची टोकं. सुलटं केलं. वरून काही दिसत नव्हतं. वरून कुंकू होतं. तेलात कालवलेला जाड टिळा, सुकून कडक झालेला. देवूकाकांनी, मिस्त्रींनी, पप्पांनी, सगळ्यांनी हे झाकण दहादा हातात घेतलं होतं आणि कुंकवाला धक्का न लावता परत ठेवलं होतं.

मी नखाने कुंकू खरवडलं. खाली पाच अगरबत्त्यांचे बुडखे होते, एकत्र दाबून बसवलेले, वरून मोडून सपाट केलेले.

मला सगळं आठवलं. अगरबत्त्या कुठे उभ्या करायच्या कळेना, तर झाकणावर कसं मस्त भोक आहे असं मला वाटलेलं. एक सैल पडत होती म्हणून पाच घातल्या. नंतर जागा चकाचक करताना वरून मोडून टाकल्या आणि टिळा छान दिसावा म्हणून आणखी एक हात फिरवला.

देवूकाका पाठमोरे होते, इंजिनावर हात ठेवून. त्यांना काही दिसलं नव्हतं. माझ्या केसात पिन होती. पिनेने बुडखे पाडायचे, पाण्यात टाकायचे, आणि वर जाऊन सांगायचं, पप्पा, मी इंजिन दुरुस्त केलं! एवढंच होतं. काका थांबले असते, बोट चालली असती, भावेशचं तोंड बंद झालं असतं, आणि मी? माझा तर धक्क्यावर सत्कार झाला असता.

मी हा विचार किती वेळ केला ते सांगत नाही. पण त्या वेळी मला माझ्या अंगाचा जो वास आला तो डिझेलचा नव्हता. तळातलं पाणी परवडलं. निदान ते आपण अत्तर आहोत असं म्हणत नाही.

“काका,” मी म्हटलं. “हे बघा.”

त्यांनी बघितलं. झाकण हातात घेतलं, भोक डोळ्याला लावलं, काड्या बघितल्या. मग माझ्याकडे.

“कुणी?”

“मी. पूजेला.”

त्यांनी अंगठ्याने काड्या चाचपल्या. मग म्हणाले, “डिझेलच्या टाकीवर पेटती अगरबत्ती?”

“हो.”

“पाच?”

“हो.”

“बाय, तू शाळेत जातेस ना?”

मला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही नाकातून. मी म्हटलं, “मी पप्पांना सांगते. तुम्ही जाऊ नका.”

“मला नको सांगू,” ते म्हणाले. “मला माहीत होतं मी झाकण लावलं होतं. ज्यांच्यापुढं मला बोलले, त्यांच्यापुढं सांग.”

धक्क्यावर पप्पा जाळ्याजवळ बसले होते. भावेश होता, त्याचे खलाशी होते, आणि प्रदीप मिस्त्री पंप न्यायला आलेच होते, गाल भरून. मी वर चढले. अर्धी काळी, अर्धी तपकिरी, वेणीतून पाणी गळतंय. दोन बायका टोपल्या घेऊन बाजूला सरकल्या.

“काय गो ही दशा?” पप्पा म्हणाले.

माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते बंद झालं. बाकाखाली बघावंसं वाटलं, पण बाक नव्हता. मी झाकण पुढे धरलं.

“टाकीत हवा जायचं भोक बुजलं होतं. म्हणून डिझेल उतरत नव्हतं. आत अगरबत्तीच्या काड्या आहेत. मी घातल्या. देवूकाकांनी काही केलं नाही. पाण्याचं मी उगाच बोलले, मला माहीत नव्हतं.”

 प्रदीप मिस्त्रींनी झाकण घेतलं, उलटसुलट केलं, आणि तोंड वर करून म्हणाले, “हां, हे पण होऊ शकतं. मला पण तोच डाउट होता.”

“तुम्हाला होता?” मी म्हटलं. तेवढं तोंड परत आलं होतं.

भावेश खदखदून हसायला लागला. “काका, पोरीनं देवाच्या नावानं बोटीचं नाक दाबलं!”

पप्पांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बसते एक कानाखाली. त्यांनी हात उचललाही. मग वेणीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि बहुतेक हात कुठे लावायचा ते त्यांना कळेना. हात खाली आला.

देवूकाका बोटीवरच उभे होते, पिशवी खांद्याला. उतरत नव्हते, हलतही नव्हते. वाट बघत होते.

पप्पा उठले. त्यांना माफी मागता येत नाही, त्यांना ते कुणी शिकवलेलंच नाही. घशात काटा अडकल्यासारखे ते दोनदा खाकरले, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण बघत जाळ्याकडे, म्हणाले, “देवूची चूक नव्हती. मी नाय ते बोललो.”

भावेशच्या खलाशांची सुई थांबली होती. पप्पा त्यांच्याकडे वळले. “ऐकलं का? का परत बोलू?”

“ऐकलं, ऐकलं,” एकजण म्हणाला.

देवूकाकांनी पिशवी खाली ठेवली. लगेच नाही. आधी खांदा बदलला, खाडीकडे बघितलं, साडेतीनच्या एसटीचा विचार केला असेल, आणि मग ठेवली. मला वाटलं, संपलं. मी घरी जाऊन तीनदा आंघोळ करणार होते.

“बाय,” त्यांनी खालून हाक मारली. “इकडं ये.”

मिस्त्रींच्या हातातून झाकण घेतलं आणि गेले. त्यांनी माझ्या केसातल्या पिनेने बुडखे पाडले, झाकणातून फुंकर मारून बघितली आणि झाकण टाकीवर बसवलं. मग फळी उचलली, माझ्या हातात प्लास्टिकचा मग दिला आणि तळाकडे बोट दाखवलं.

“हे?” मी म्हटलं. “सगळं?”

“सगळं. फळ्यांखालचं पण. मग नाय गेला ना कोपऱ्यात, तर हातानं.”

“काका, ह्यात ते मिस्त्री थुंकलेत!”

“म्हाइत हाय. म्हणून तर तुला सांगतोय,” ते म्हणाले, आणि इंजिनावर पाठ टेकून त्यांनी विडी पेटवली.

मी बाही वर केली, तिचा काही उपयोग नव्हता, आणि हात घातला. कोपऱ्यात, दंडापर्यंत आत, बोटांना काहीतरी मऊ लागलं. मी ते बाहेर काढलं. त्याला केस होते.